समुद्राकडे पाठ

शंकररावांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि सध्या ते तो बनवत होते. इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या त्यांच्या शेडमध्ये, तापलेल्या पत्र्याखाली, एका लांबरुंद फळीवर रेझिन ओतायचं आणि त्यात रंग मिसळायचा, असं ते काम होतं. निळा कमी, हिरवा जरा जास्त, आणि वरून चिमूटभर तपकिरी. ही तपकिरी त्यांची स्वतःची नव्हे. "समुद्र निळा कुठला, आमच्याकडचा तर मातीचा असतो," असं त्यांची बायको चंपा लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात म्हणाली होती. समुद्राबद्दल ती फार बोलायची नाही, म्हणून जे बोलली ते शंकररावांनी जपून ठेवलं होतं.

आजोबा महूच्या छावणीत सुभेदार, वडील रेल्वेत, आणि शंकरराव लाकडात. जवानीत त्यांनी एका फाउंड्रीसाठी लाकडी साचे कोरले. फाउंड्री बंद पडल्यावर तोच हात बिल्डर लोकांच्या मॉडेलांकडे वळला. इंदूरच्या चहूबाजूंना उगवलेल्या कितीतरी टाउनशिप आधी त्यांच्या शेडमध्ये उगवल्या होत्या. ज्या टाउनशिपच्या मॉडेलात त्यांनी तलाव दाखवला, तिथे पुढे खरोखर तलाव झाला असं मात्र एकदाही घडलं नाही. त्याचं त्यांना काही वाटत नसे. आपण झाड लावायचं, पाणी ओतायचं, पुढचं ज्याचं त्याने बघावं.

हे काम आणलं हृषीकेशने. विजय नगरात त्याचं ऑफिस होतं. संग्रहालयं, प्रदर्शनं, कंपन्यांचे हॉल सजवून देण्याचं काम तो करायचा. पोरगा बोलायला गोड, आणि कामात चोख. "काकाजी, पोर्टवाल्यांचा नवीन हॉल आहे. पूर्ण शहराची हिस्ट्री पाहिजे त्यांना, तीन मॉडेलमध्ये. पहिले मछुआरोंका गाव, मग जुना बंदर, मग आजचा पोर्ट. है ना? आणि शहराचं नाव तिवरबंदर."

शंकररावांच्या हातातली कानस थांबली. एरवी ते काम घेण्याआधी शंभर प्रश्न विचारत. लाकूड कुठलं, मुदत किती, नकाशे कोण देणार. त्या दिवशी एकच विचारलं, "सुरू कब करायचं?"

तिवरबंदर हे चंपाचं माहेर. आता 'होतं' म्हणायचं की 'आहे' म्हणायचं, हा प्रश्नच होता.

त्यांचं लग्न जमलं ते जयंतीमुळे. चौदा एप्रिलला महूला देशभरातून माणसं येतात, आणि इंदूरची बौद्ध कुटुंबं ओळखदेख नसलेल्या पाहुण्यांनाही घरात जागा देतात, पुरीभाजी करून घालतात. एका वर्षी शंकररावांच्या वडिलांनी स्टेशनवरून जी माणसं घरी आणली, त्यांत चंपाचे वडील होते. तिवरबंदरच्या धक्क्यावर खनिजमातीच्या पाट्या वाहणारे, हसरे, पायाला भेगा पडलेले. जेवताना त्यांनी भाजीची तारीफ केली आणि हात धुताना मुलाची चौकशी. पुढच्या जयंतीला ते मुलगी घेऊनच आले आणि लग्न महूलाच लागलं. त्यामुळे शंकररावांना सासुरवाडी पाहायची संधी मिळाली नाही, ती नंतरही मिळाली नाही.

कारण लग्नाला दोन-तीन वर्षं होतात न होतात तोच बंदर वाढलं. कंटेनर ठेवायला जागा हवी होती, आणि गोदामं व खाडी यांच्या मधली धक्का लाइन, म्हणजे हमालांची वस्ती, त्या जागेवर होती. चंपाचा धाकटा भाऊ रत्नपाल याने तार केली, ताई, ये, घर पाडतायत. चंपाला तेव्हा दिवस भरत आलेले. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. ती जाऊ शकली तेव्हा लाइन नव्हतीच. वस्ती डोंगराकडच्या वसाहतीत हलवली होती आणि वडील वारले होते, त्यांच्यासाठीच ती गेली. सासरे सोबत होते आणि पदराखाली तान्हं मूल. शंकररावांना फाउंड्रीतून सुट्टी मिळाली नाही. रत्नपाल दारात उभा होता. म्हणाला, "आता काय बघायला आलीस?"

एवढंच. भावाबहिणींत याहून कडू बोलणी होतात आणि विसरली जातात. पण हे बोलणं रुतून बसलं. चंपा पुन्हा गेली नाही आणि रत्नपाल कधी इंदूरला आला नाही. कुणाचं लग्न, कुणाचं मरण, एवढ्यापुरता फोन. माहेर कुठलं असं कुणी विचारलं की चंपा म्हणायची, "आता नाहीये." मुलांनी मोठेपणी गोव्याचे, मुंबईचे बेत केले. चंपा समुद्राकडे जायला तयार होईना, आणि तिला सोडून शंकरराव जाईनात. माणसाने समुद्र न बघण्याचं हेही एक कारण असू शकतं.

बाकी चंपाचा हट्ट म्हणाल तर एकच, आणि तो त्यांच्या सुदामा नगरात सगळ्यांना पाठ. प्लॉटच्या पश्चिमेला रस्ता. ओळीतल्या प्रत्येक घराचं दार रस्त्यावर. घर बांधायला काढलं तेव्हा चंपा म्हणाली, दार तिकडे नको, मागच्या बोळाकडे करा. का? तर नको म्हणजे नको. शंकररावांनी समजावलं, ठेकेदाराने समजावलं, शेजारच्या शांतामावशींनी तर वास्तूचे दाखले दिले. चंपा ढिम्म हलली नाही. झालं, घराची पाठ रस्त्याला आली. कुरिअरवाला येतो, भिंतीसमोर उभा राहतो आणि दार शोधतो. शंकरराव गच्चीवरून ओरडतात, "भिया, घूम के, पीछे से." नवा पाहुणा आला की हेच. इतक्या वर्षांत त्यांचा घसा या एका वाक्यावर निम्मा झिजला असेल. चंपा मात्र संध्याकाळी त्याच भिंतीला आतून टेकून मटार सोलत बसते. बाहेरून ट्रक गेला की भिंत हलके थरथरते आणि तिला त्याचं काही नसतं.

तर तिवरबंदरचं काम शंकररावांनी घेतलं आणि घरी सांगितलं नाही. मनात होतं की आधी सगळं उभं करायचं आणि मग एक दिवस तिला आणून दाखवायचं. नवऱ्यांच्या डोक्यात असे बेत येतात. त्यात विचारायचं राहून जातं, हे त्यांना फार उशिरा कळतं.

पहिली फळी सोपी गेली. खाडी, खाडीकाठची तिवरं, कोळ्यांची चार घरं, वाळत घातलेली जाळी. तिवरांच्या गचपणासाठी त्यांनी वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळ्या कात्रीने कापल्या आणि रंगवल्या. शहराला नाव या झाडीवरून पडलेलं. दुसऱ्या फळीवर दगडी धक्का आला, कस्टमची कचेरी आली, टेकडीवर दीपगृह, कौलारू गोदामं, डोंगर फोडून आलेले रूळ. मीठ आणि कौलं नेणारी गलबतं हळूहळू कमी झाली आणि खनिजमाती न्यायला मोठ्या आगबोटी लागल्या. तिसऱ्या फळीवर उंच क्रेन, रंगीबेरंगी डब्यांसारखे कंटेनर, चौपदरी रस्ता आणि काचेच्या इमारती. तिवरं आता फक्त नावात.

गाव शहर कसं होतं, हे शंकररावांना या तीन फळ्यांवर हाताने कळत गेलं. आधी समुद्र गावाला जेवू घालतो. मग गाव समुद्रात दगड टाकून त्याला जरा मागे सरकवतं. मग दगडावर गोदाम, गोदामापाठी रस्ता, रस्त्यापाठी कचेरी. आणि सरकवायला समुद्र पुरेनासा झाला की माणसं सरकवायची. इंदूरलाही काही वेगळं झालेलं नाही, हेही त्यांच्या मनात आलं, पण इंदूरचं मॉडेल कुणी मागितलं नव्हतं.

दुसऱ्या फळीच्या नकाशात गोदामं आणि खाडी यांच्यामध्ये एक पांढरा चौकोन होता. त्यावर लिहिलं होतं, मोकळी जागा. शंकरराव त्या दोन शब्दांकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांची बायको त्या मोकळ्या जागेत जन्मली होती.

नकाशा गेला खड्ड्यात, असं म्हणून त्यांनी धक्का लाइन बनवायला घेतली. चंपाच्या तुटक बोलण्यातून संसारभर गोळा केलेलं सगळं बाहेर आलं. पाठीला पाठ लावलेल्या खोल्या नाहीत, सुट्या खोल्यांची ओळ. मध्ये नळ. टोकाला पिंपळ आणि त्याच्या पारापाशी छोटं विहार. नळावर भांडणं व्हायची, ती काही लाकडात दाखवता येत नाहीत. खोल्यांना त्यांनी दारं केली, दारांना ओटे केले, आणि सगळी दारं समुद्राकडे ठेवली. कामावरून थकून आलेला माणूस ओट्यावर बसणार, समोर लाटा, वरून वारा. आपल्या वाट्याला असं घर आलं असतं तर आपण तरी दुसरीकडे कुठे तोंड केलं असतं? दारं चिकटवताना म्हातारा खुशीत गुणगुणत होता.

काम झाल्यावर त्यांना एक हुक्की आली. फोनवर त्यांनी लाइनीचा फोटो काढला आणि रत्नपालला पाठवला. वसाहतीतला हा मेहुणा सणासुदीच्या मेसेजला अंगठासुद्धा दाखवत नसे. पण त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या आत त्याने बोलून पाठवलेला निरोप आला, आवाज खरखरीत, वय झालेला.

"दाजी, रत्नपाल बोलतोय. हे तुम्ही कुठं बघितलंत? नळ बरोबर आहे. पिंपळ बरोबर आहे. दारं उलटी आहेत सगळी." मागे कुठेतरी कोंबडं आरवलं. "ताईला विचारलं नाही काय?"

शंकररावांनी तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. दारं उलटी म्हणजे काय ते त्यांना कळेना. शेवटचा प्रश्न मात्र चांगलाच कळला. नाही विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चंपाला स्कूटरवर मागे बसवलं. "कुठं नेताय?" "शेडवर." "भुसा जातो हो माझ्या नाकात." "पदर लाव."

शेडमध्ये तिने आधी दीपगृह पाहिलं. मग कस्टमच्या कचेरीचं छप्पर. पाय आपोआप फळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले आणि गोदामांच्या कडेला येऊन थांबले. शंकरराव कानस पुसत उभे राहिले, पुसायला त्यावर काही नव्हतं. चंपा वाकली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ही दारं अशी का?" ती म्हणाली.

"समुद्र समोर आहे ना. ओटेपण केलेत. शाम को बसायला."

चंपा हसायला लागली. आधी बारीक, मग पदर तोंडाला लावून, आणि मग त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते शंकररावांना कळलं नाही. त्यांनी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

"अहो, समुद्राकडे तोंड करून एक पावसाळा राहून दाखवा कुणीतरी. वारा चूल पेटू देत नाही. ताटातला भात खारट होतो. कडी गंजून हातात येते." तिने बोट ठेवून दाखवलं. "दार इकडं. समुद्राकडे पाठ. सगळ्या लाइनीची. पश्चिमेला दार आमच्यात कुणाचंच नव्हतं."

"मग समुद्र दिसायचा कसा?"

"दिसायचा कशाला? बाबा दिवसभर तोच बघून यायचे." तिने घराच्या मागच्या भिंतीवर बोट टेकवलं. "भिंतीला टेकून बसलं ना, की मागून लागायचा तो पाठीला. धडधड, धडधड. भरती असली की जास्त. बाबा म्हणायचे, चंपे, ये, पाठ चेपून घे."

शंकररावांच्या डोळ्यापुढे तेव्हा फक्त चिकटवलेली दारं होती, सगळी काढायची आणि फळी न खरवडता काढायची. हातून झालेली चूक दुरुस्त करायची असली की या माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही.

"तुम्हाला कुणी सांगितलं दारांचं?" चंपाने विचारलं. "उगाच नाही आणलंत मला आज इथे."

"रत्नपालने."

"तो बोलला?"

"बोलला. तुझं नाव काढलं. म्हणाला, ताईला विचारलं नाही काय."

चंपाने बाकावरचा चिमटा उचलला. "द्या इकडे," ती म्हणाली. "तुमची बोटं जाडी आहेत."

पुढचे कितीतरी दिवस ती रोज डबा घेऊन शेडवर यायची आणि भुशाची तक्रार करायची विसरायची. शंकरराव गोंद सोडवून देत, ती घरं फिरवे. एकेक घर फिरवताना त्यातलं माणूस बाहेर येई. इथे सीतामावशी, जिच्या सुक्या बोंबलाचा वास तीन घरं पुढे जायचा. इथे तो वाजंत्री, ज्याची बायको त्याला घरात वाजवू द्यायची नाही. इथे आम्ही. स्वतःच्या घराला तिने मागच्या भिंतीत एक बारीक झरोका करायला लावला. "बाबांनी खिळ्याने पाडला होता. आईच्या शिव्या खाऊन." शंकररावांनी सगळ्यांत बारीक गिरमिट लावून तो पाडला. इतक्या वर्षांत चंपा माहेराबद्दल जितकं बोलली नव्हती, तितकं त्या चैत्रात बोलली. शंकररावांना वाटे, ही माझ्याशी बोलायची थांबली होती ती रत्नपालच्या त्या एका वाक्याजवळ, आणि मी समजत होतो की बाईचा स्वभावच अबोल. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि बायकोवर नव्याने माया आली, दोन्ही एकदमच.

हृषीकेश काम बघायला आला तेव्हा दोघं फळीवर वाकलेली होती. तो खूश झाला, फोटो काढत सुटला, आणि मग दुसऱ्या फळीपाशी त्याचा फोन खाली आला.

"काकाजी, ये क्या है? हे ड्रॉइंगमध्ये नाहीये ना."

"वस्ती आहे," शंकरराव म्हणाले. "होती तिथे."

"पण त्यांचं अप्रूव्हल ड्रॉइंगवर आहे. ओपन लँड लिहिलंय."

"ड्रॉइंगमध्ये आम्ही कधीच नव्हतो रे बाळा," चंपा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. हृषीकेशने कोणाचं घर कुठलं ते विचारलं. तिने दाखवलं. तो झरोक्यातून वाकून बघत राहिला.

"मी बात करतो त्यांच्याशी, काकू," जाताना तो म्हणाला.

त्याने खरोखर बात केली. आणि दोन दिवसांनी, फोनवर न सांगता, स्वतः शेडवर येऊन खाली मान घालून सांगितलं की उत्तर 'नाही' असं आलं आहे. जागा नकाशाप्रमाणे मोकळी ठेवायची. जयंतीनंतर लगेच माल निघाला पाहिजे.

शंकररावांचा पारा चढला. "तर मग भिया, मॉडेल नाही देत मी. अॅडव्हान्स वापस. दुसरा कोणी पकडा."

"द्या हो त्यांना," चंपा म्हणाली. "पोराचं काम कशाला अडवता. एकदा उठवलीच होती लाइन. आपण उठवू तेव्हा नीट उठवू. कुणाचं काही मोडायचं नाही."

शंकरराव बराच वेळ फळीभोवती फिरले. मग त्यांच्यातला जुना साचेवाला जागा झाला. फाउंड्रीत साचा करताना जो भाग अडकणार असतो तो अखंड कोरत नाहीत. तो वेगळा करतात, खाचेत बसवतात आणि बाकी साच्याला धक्का न लावता अलगद काढून घेतात. लूज पीस म्हणतात त्याला. बारीक करवतीने त्यांनी लाइनीच्या कडेने जमीन कापली, खाली खाच केली, आणि अख्खी धक्का लाइन, नळासकट, विहारासकट, एका तुकड्यात उचलली. एक दारसुद्धा हललं नाही. परत बसवली, तर सांधा दिसेना.

"हा तुकडा त्यांचा नाही, आमचा," ते म्हणाले. "रिकाम्या जागी दुसरी फळी घालून देतो, मोकळी. पिंपळ तेवढा ठेवतो."

हृषीकेशने पिंपळाकडे पाहिलं. "झाड चलेल, काकाजी," तो म्हणाला. "झाडाला कोण ना म्हणतं. कोणी विचारलं तर मी बघून घेईन."

लाइन कुठे जाणार, ते चंपाच्या मनात पक्कं होतं. वसाहतीतल्या विहारात. पण जाण्याआधी ती तिच्या जागेवर, धक्क्याच्या आणि खाडीच्या मध्ये उभी असताना लाइनीतल्या माणसांनी बघावी, असं तिला वाटत होतं. आणि एका माणसाने तर बघावीच. त्या संध्याकाळी भिंतीला टेकून बसून तिने स्वतः फोन लावला. शंकरराव स्वयंपाकघरात उगाच डबे उघडत राहिले.

"रत्नू, ताई बोलतेय. दारं फिरवली. जयंतीला महूला येतात ना तुमच्याकडची माणसं? तर इंदूरला उतरा. लाइन उभी आहे, बघून जा. मग ती हलणार." तिने पाठ भिंतीला आणखी रेटली. "तेव्हा मी आले नाही रे. यायला हवं होतं. पोट घेऊन यायला हवं होतं." बऱ्याच वेळाने तिने फोन खाली ठेवला.

"काय म्हणाला?"

"बघतो म्हणाला."

'बघतो' म्हणजे काय, यावर सुदामा नगरच्या त्या घरात जयंतीपर्यंत काथ्याकूट चालला. शंकररावांच्या मते 'बघतो' म्हणजे 'येतो'. चंपाच्या मते रत्नपालचं 'बघतो' म्हणजे लहानपणापासून 'नाही'. तरीही तिने गाद्यांना ऊन दाखवलं, नवी चादर काढली, बाजारातून सुका जवळा आणला. शांतामावशींनी नाकाला पदर लावला, तर म्हणाली, "पाहुणे येणारेत," आणि जवळा निवडायला बसली.

जयंतीच्या आदल्या सकाळी शंकरराव गच्चीवर उभे होते. मुंबईची गाडी येऊन गेल्याला बराच वेळ झाला होता. पत्ता त्यांनी रत्नपालला पाठवला होता, घराचा फोटोही, पण फोटोत काय येणार, कोरी भिंत. दरवर्षी जयंतीला नवे पाहुणे येत आणि दरवर्षी त्या भिंतीसमोर सामान घेऊन उभे राहत. ओरडायची तयारी म्हणून शंकररावांनी घसा साफ केला.

कोपऱ्यावर एक मॅजिक गाडी थांबली. आठ-दहा माणसं उतरली, बहुतेक म्हातारी, निळे गमछे, पिशव्या, एकीच्या हातात स्टीलचा डबा. पुढे एक उंच, वाकलेला माणूस. हनुवटी चंपाची. शंकररावांनी फोटोखेरीज त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखायला काही लागलं नाही.

माणसं घरापाशी आली. उजवीडावीकडची सगळी दारं रस्त्याकडे उघडी, आणि मध्ये ही भिंत. शंकररावांनी कठड्यावर हात टेकून तोंड उघडलं.

रत्नपाल भिंतीसमोर थांबला. त्याने तळहात भिंतीवर ठेवला आणि क्षणभर तसाच ठेवला. मग डावीकडे वळला आणि बोळात शिरला. त्याच्या मागे डबेवाली बाई, तिच्यामागे बाकीचे. कुणी वर पाहिलं नाही, कुणी कुणाला विचारलं नाही, कुणी शेजारच्या दारात डोकावलं नाही. रोजचं पायाखालचं असावं तशी ती माणसं भिंतीला वळसा घालून गेली.

शंकररावांचं तोंड उघडंच राहिलं. हे घर त्यांनी बांधलं होतं. विटा त्यांनी आणल्या होत्या, दाराची चौकट त्यांनी स्वतः घडवली होती, आणि त्या दारावरून ठेकेदारापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळ्यांच्या देखत त्यांनी बायकोची चेष्टा केली होती. शेडमध्ये तिने चिमट्याने एकेक घर फिरवलं तेव्हाही त्यांना दिसलं नव्हतं. धक्का लाइन पाडली गेली होती, पण तिच्यातलं एक घर सुदामा नगरात उभं होतं आणि इतकी वर्षं ते त्यातच राहत होते.

ते जिन्यावरून खाली यायला लागले आणि मधल्या पायरीवर थांबले. खाली दार उघडल्याचा आवाज आला.

"सापडलं का रे नीट?" चंपाचा आवाज. "सगळी चुकतात इथं."

"चुकायचं काय त्यात, ताई," रत्नपाल म्हणाला. "दार होतं तिथंच आहे की."

शंकररावांनी बाहीने डोळे पुसले. पाहुण्यांना आधी पाणी द्यायला हवं होतं, पण ते तिथेच थोडा वेळ रस्त्याकडच्या भिंतीला पाठ टेकून उभे राहिले. बाहेरून एक ट्रक गेला.